जादूच्या शाळेतील भावंडे: रक्त एक, निकाल दोन

जादूची शाळा असलेल्या कादंबऱ्यांचा नायक बहुधा एकटा असतो. त्याचे आईवडील वारलेले तरी असतात, नाहीतर त्यांना जादूचा गंध तरी नसतो, आणि शाळेच्या दारात तो एकटाच येऊन उभा राहतो. त्याच कादंबरीत त्याच्या आजूबाजूला पाहिले, तर मात्र भावंडांची गर्दी दिसते. थोरल्याचे जुने कपडे घालून आलेला धाकटा असतो, वेगवेगळ्या गटांत पडलेल्या जुळ्या बहिणी असतात, प्रवेश न मिळाल्यामुळे घरी राहिलेली बहीण असते, आणि मुख्याध्यापकाचा त्याच्याशी न बोलणारा भाऊही असतो. ही गर्दी योगायोगाने जमलेली नाही. या कथाप्रकाराचे यंत्र चालायचे, तर त्याला भावंडे लागतात. ती का लागतात, हे येथे समजून घ्यायचे आहे.

जादू कोठून येते, या प्रश्नाला अशी कथा एकाच वेळी दोन उत्तरे देत असते. शाळा सांगते की जादू शिकवल्याने येते. म्हणून तर तेथे वर्ग आहेत, पाठ्यपुस्तके आहेत, परीक्षा आहेत आणि नापास होण्याची भीती आहे. घर सांगते की जादू रक्तातून येते. म्हणून तर प्रवेशाचे पत्र काही मुलांनाच येते आणि बाकीच्यांनी कितीही घोकंपट्टी केली तरी त्यांच्या हातून काही घडत नाही. एकट्या नायकाकडे पाहून यांतले खरे उत्तर कोणते, हे ठरवता येत नाही, कारण तुलना करायला दुसरे कोणी नसते. त्याच्या शेजारी सख्खे भावंड उभे केले, की हिशेब तपासता येतो. घर तेच, आईबाप तेच, पुष्कळदा शाळाही तीच, आणि तरीही दोघांचे निकाल वेगळे लागले, तर दोन्ही उत्तरांना कोठेतरी तडा गेला आहे हे वाचकाला न सांगता कळते.

पुढील विवेचनात काही कादंबऱ्यांचे शेवट उघड होतील. त्याला इलाज नाही, कारण भावंडांचा खरा उपयोग लेखक बहुधा शेवटीच करतात.

जादूची शाळा ही कल्पना आधुनिक कादंबरीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आइसलँडमधील लोककथांत सेमुंदर नावाचा विद्वान पुरोहित येतो. तो ऐतिहासिक पुरुष होता. त्याचा काळ 1056 ते 1133 असा मानला जातो. कथा सांगते की तो ‘काळ्या शाळेत’ शिकला. तेथील नियम असा होता की, शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी जो सर्वांत शेवटी दाराबाहेर येईल, तो सैतानाचा. सेमुंदर शेवटी निघाला आणि एका पाठभेदानुसार त्याने आपल्या मागे पडलेली सावली दाखवून ‘शेवटचा तो’ असे सांगितले व सुटका करून घेतली. रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनियाच्या लोकसमजुतींविषयी एमिली जेरार्ड या लेखिकेने 1885 मध्ये लिहिले, त्यातही अशीच एक शाळा आहे. तेथे सैतान दहा विद्यार्थ्यांना शिकवतो, नऊ जणांना घरी जाऊ देतो आणि दहाव्याला फी म्हणून ठेवून घेतो. या लोककथांतील विद्यार्थी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. त्यामुळे दहावा कोण, याची हुरहूर श्रोत्याला लागत नाही. त्याला फक्त चातुर्याची गंमत वाटते. ही फी पुढे कोणाच्या माथी गेली, ते ओघाने येईल.

इंग्रजी बालसाहित्यात जादू आणि शाळा हे दोन प्रवाह बराच काळ वेगळे वाहत होते, आणि भावंडे त्यांपैकी पहिल्याच्या काठावर होती. ई. नेसबिट यांनी 1902 मध्ये जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्यात पाच भावंडांना खेड्यातल्या वाळूच्या खाणीत एक चिडका प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पुरी करतो आणि त्या इच्छेचा परिणाम सूर्यास्ताबरोबर संपतो. ही सगळी धमाल मोठी माणसे जवळ नसताना आणि शाळा नसताना घडते. जादू म्हणजे सुट्टी, असे समीकरणच त्या काळात बसले होते. सी. एस. लुईस यांच्या 1950 च्या कादंबरीतील चार भावंडे महायुद्धातील हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली असतात आणि एका मोठ्या वाड्यातील कपाटातून दुसऱ्या जगात जातात. तेथेही शाळा नाही. 1951 मध्ये आलेल्या पुढच्या भागाची सुरुवात अधिक बोलकी आहे. चारही भावंडे सुट्टी संपवून आपापल्या निवासी शाळांना निघालेली असतात. गाड्या वेगळ्या असल्यामुळे ती रेल्वे स्थानकावरून पांगणार, इतक्यात जादू त्यांना तेथूनच ओढून नेते. शाळेने भावंडांची ताटातूट करायची आणि जादूने ती टाळायची, अशी ही विभागणी होती. सेहेचाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, दुसऱ्या एका लेखिकेने लंडनच्या एका फलाटावरून सुटणारी गाडी थेट जादूच्या शाळेत नेली आणि ती विभागणी मोडली.

दुसरा प्रवाह निवासी शाळेच्या कथांचा. थॉमस ह्यूज यांची रग्बी येथील शाळेवर आधारलेली ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी 1857 मध्ये आली आणि तिने या प्रकाराचा साचा घालून दिला: नवा मुलगा, जिवलग मित्र, दादागिरी करणारा मोठा विद्यार्थी, मैदानावरचा सामना, दुरून दरारा वाटावा असे मुख्याध्यापक. जादूच्या शाळांनी हा साचा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. फक्त मैदानावरचा चेंडू हवेत गेला. या साच्यात भावंडांना फारशी जागा नव्हती, कारण मुलाने घरापासून तुटून ‘घडणे’ हाच त्या कथेचा विषय होता. एनिड ब्लायटन यांनी 1941 मध्ये जुळ्या बहिणींना निवासी शाळेत पाठवले खरे, पण पहिल्या पुस्तकात त्या दोघी बहुतेक वेळा एकाच तोंडाने बोलतात आणि एकाच वेळी रुसतात. त्यांना दोन पात्रे म्हणणे थोडे उदारपणाचे होईल.

प्रत्यक्षातील इंग्रजी निवासी शाळांची पद्धत येथे समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडील बहुतेक वाचक रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या शाळेत शिकलेले असतात. त्या शाळांत मुलांना आडनावाने हाक मारण्याची रीत होती. मग एकाच आडनावाचे दोन भाऊ आले, की थोरला ‘मेजर’ आणि धाकटा ‘मायनर’ होई. तिसरा असेल तर त्यालाही लॅटिन क्रमांक लावला जाई. म्हणजे शाळेत पाऊल ठेवताच मुलाचे स्वतःचे नाव जाई आणि घरातला त्याचा क्रम तेवढा त्याला चिकटून राही. शिवाय मुले वेगवेगळ्या ‘हाउस’मध्ये राहत. हाउस म्हणजे राहण्याची इमारत, जेवणाची पंगत, खेळाचा संघ आणि निष्ठेचे केंद्र. ज्या हाउसमध्ये वडील किंवा थोरला भाऊ होता, त्याच हाउसमध्ये पुष्कळदा धाकट्यालाही घालत. त्यामुळे शिक्षकांच्या मनात त्याची प्रतिमा तो येण्याआधीच तयार असे. जादूच्या शाळांच्या लेखकांना या पद्धतीतून एक आयतेच नाट्य मिळाले: ज्या मुलाची ओळख त्याच्या आधीच शाळेत पोहोचली आहे, त्याने स्वतःची ओळख करून कशी द्यायची?

हे दोन प्रवाह एकत्र यायला वेळ लागला. अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या कादंबरीत रोक नावाच्या बेटावर जादूगारांची गंभीर, कडक शिस्तीची शाळा आहे. तिच्या नायकाला सहा थोरले भाऊ आहेत, पण लेखिका त्या सहाही जणांना आरंभीच कोणी शेतीला, कोणी समुद्रावर, कोणी लोहारकामाला अशी वाट दाखवून कथेबाहेर काढते. नायकाच्या जादूची पहिली चाहूल त्याच्या मावशीला लागते. आई वर्षाच्या आत वारलेली, भाऊ पांगलेले, बाप कठोर. असा मुलगा स्वतःच्या सावलीशीच झगडणार, हे ठरल्यासारखे आहे. ले ग्विन यांना जो विषय मांडायचा होता, त्याला भावंडे नकोच होती, आणि त्यांचा निर्णय अचूक होता असे मला वाटते. जिल मर्फी यांच्या 1974 च्या पुस्तकात लहान चेटकिणींची शाळा आहे आणि तिच्यावर कब्जा करायला टपलेली बाई दुसरीतिसरी कोणी नसून मुख्याध्यापिकेची सख्खी बहीण आहे. पुस्तक छोटे आणि खेळकर आहे, पण शाळा चालवणाऱ्या व्यक्तीलाही भावंड असू शकते, ही सोय त्याने करून ठेवली.

या विषयावर एकच कादंबरी वाचायची असेल, तर मी डायना विन जोन्स यांची ‘चार्म्ड लाइफ’ सुचवेन. ती 1977 मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा बालकादंबरीसाठीचा पुरस्कार मिळाला. ग्वेंडोलेन आणि तिचा धाकटा भाऊ कॅट ही दोन अनाथ मुले. आईवडील एका आगबोटीच्या अपघातात गेलेले. ग्वेंडोलेन अत्यंत हुशार चेटकीण म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे. आपल्याला जादू येत नाही अशी कॅटची पक्की समजूत आहे आणि बहिणीच्या मागे मागे राहण्यातच त्याला सुरक्षित वाटते. दोघांना क्रेस्टोमॅन्सी या पदनामाने ओळखल्या जाणाऱ्या बड्या जादूगाराच्या किल्ल्यात नेले जाते. तेथे शिकवणी चालते, मात्र तिला शाळा म्हणावी तर वर्गात मुले चारच. ग्वेंडोलेनला वाटते की येथे आपले कौतुक होईल. प्रत्यक्षात तिला सांगितले जाते की आधी नेहमीचे विषय शिका, जादू नंतर. तिच्या अहंकाराला हे सहन होत नाही आणि ती एकामागून एक अघोरी खोड्या करू लागते. अखेर क्रेस्टोमॅन्सी तिची जादू काढून घेतो.

कादंबरीचा कणा पुढे उघड होतो. ग्वेंडोलेनची जी जादू सर्वांनी पाहिली, तिचा मोठा भाग तिचा नव्हताच. तो कॅटचा होता. कॅट हा नऊ जीव घेऊन जन्मलेला, दुर्मीळ ताकदीचा जादूगार आहे, आणि बहीण लहानपणापासून त्याची शक्ती वापरत आली आहे. इतकेच नव्हे, तर त्याचे जीवही तिने आपल्या मंत्रांसाठी खर्च केले आहेत. ते जीव तिने एका आगपेटीतील काड्यांत घालून ठेवले होते, आणि ती आगपेटी पुस्तकभर वाचकाच्या डोळ्यांसमोर असते.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण लेखिकेने काय साधले आहे ते पहिल्या वाचनात निसटते. कथा कॅटच्या नजरेतून चालते आणि कॅट बहिणीवर जीव टाकतो. त्यामुळे ती जे करते, ते वाचकालाही आधी खोडी, मग हट्ट, मग थोडा जास्तच हट्ट असे वाटत जाते. ‘याला काही येत नाही’ हे घरातून आलेले मत सगळेच मान्य करतात, खुद्द कॅटही. एखाद्या परक्या खलनायकाने कोणाची जादू चोरली असती, तर ती चोरीची गोष्ट झाली असती. बहिणीने चोरल्यामुळे ती ‘तू ढ आहेस’ हे प्रेमाने पटवून देण्याची गोष्ट होते. कॅटला सर्वाधिक लागते ते जीव गेल्याचे नव्हे; तिला हे पहिल्यापासून ठाऊक होते, याचे. वर सांगितलेले रक्त आणि शिक्षण यांचे कोडे येथे एका तिसऱ्याच ठिकाणी येऊन अडते: रक्तात जादू आहे, शिकवायला शिक्षकही आहेत, पण घरातच कोणीतरी मधला रस्ता अडवून बसले आहे.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या सात पुस्तकांच्या मालिकेत (1997 ते 2007) हा सगळा पसारा मोठ्या प्रमाणावर येतो. वीझली कुटुंबात सात मुले आहेत: बिल, चार्ली, पर्सी, जुळे फ्रेड आणि जॉर्ज, रॉन आणि जिनी. शाळेच्या गाडीत रॉन नायकाला पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो आपली कैफियत मांडतो. एक भाऊ शाळेचा मुख्य विद्यार्थी होता, दुसरा खेळाच्या संघाचा कप्तान होता, तिसरा आता प्रीफेक्ट, म्हणजे शिस्त सांभाळणारा निवडक विद्यार्थी, झाला आहे, जुळे खोडकर असूनही गुण चांगले मिळवतात आणि सर्वांना आवडतात. तेव्हा रॉनने काहीही मिळवले, तरी ते आधी कोणीतरी मिळवलेलेच असणार. त्याच्या अंगावर बिलचा जुना झगा आहे, हातात चार्लीची जुनी छडी आहे आणि खिशात पर्सीचा जुना उंदीर आहे. जादूची छडीसुद्धा थोरल्याची उतरलेली असू शकते, या एका तपशिलाने ती जादुई दुनिया मध्यमवर्गीय घराच्या पातळीवर येते. आपल्याकडे थोरल्याची पुस्तके कव्हर बदलून धाकट्याकडे जातात, ती चाल येथे जशीच्या तशी आहे.

हा तपशील केवळ करमणुकीचा नाही, हे तिसऱ्या पुस्तकात कळते. तो जुना उंदीर म्हणजे बारा वर्षे लपून राहिलेला एक माणूस असतो, आणि नायकाच्या आईवडिलांच्या मृत्यूला तोच कारणीभूत असतो. दुसऱ्या पुस्तकात जिनीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात कोणीतरी एक शापित डायरी सरकवून ठेवतो, आणि ती लहान मुलगी वर्षभर त्या डायरीशी बोलत राहते. सहा थोरले भाऊ, त्यांतले चार त्याच शाळेत, आणि तरी तिचे काय चालले आहे हे एकाच्याही लक्षात येत नाही. मालिकेतील दोन मोठी रहस्ये अशा रीतीने जुन्या, उतरलेल्या वस्तूंतून घरात शिरतात. ज्या कुटुंबाला नवीन वस्तू परवडल्या असत्या, त्याच्या बाबतीत हे कथानक रचता आले नसते.

भावंडांचा आणखी एक उपयोग तांत्रिक आहे. काल्पनिक जगाचे नियम वाचकाला सांगायचे कसे, हा अशा प्रत्येक लेखकापुढचा प्रश्न असतो. लेखकाने स्वतः सांगितले तर कंटाळा येतो. शिक्षकाने सांगितले तर वर्गात बसल्यासारखे वाटते. थोरल्या भावाने सांगितले, तर त्यात थाप मिसळलेली असते, आणि तीच वाचकाला हवी असते. प्रवेशाच्या दिवशी राक्षसाशी कुस्ती खेळावी लागते, असे फ्रेडने रॉनला सांगून ठेवलेले असते. प्रत्यक्षात डोक्यावर एक जुनी टोपी ठेवतात, आणि ती मुलाचे हाउस ठरवते. माहिती मिळते, भीती मिळते, आणि घराघरांतील थोरल्यांच्या स्वभावाची ओळखही पटते.

त्याच शाळेत पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांचे आडनाव पाटील आहे. मराठी वाचकाला पहिल्याच पुस्तकातील नावांच्या यादीत हे आडनाव भेटते तेव्हा बरे वाटते. पुस्तकांत त्या दोघी वेगवेगळ्या हाउसमध्ये आहेत: पार्वती शूरांच्या गटात, पद्मा बुद्धिमंतांच्या. जुळ्या बहिणींना वेगळे करणारी ही टोपी ‘रक्त एक म्हणून स्वभाव एक’ या समजुतीला धक्का देते, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण त्याच शाळेत कितीतरी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच हाउसचा अभिमान मिरवत असतात. चित्रपटांनी दोघींना एकाच हाउसमध्ये बसवून हा बारकावा पुसून टाकला. अर्थात पुस्तकांनीही त्या बारकाव्याचे फारसे चीज केलेले नाही. रात्री वेगळ्या मनोऱ्यांत झोपणाऱ्या या दोघी एकमेकींशी काय बोलतात, घरून त्यांना कोणती पत्रे येतात, यांतले वाचकाला जवळजवळ काहीच कळत नाही. नृत्यसमारंभात नायक आणि त्याचा मित्र यांच्या जोडीदारीण म्हणून त्यांची आठवण होते, आणि त्यातही दोघींच्या वाट्याला कंटाळाच येतो.

आता रक्ताच्या बाजूकडे वळू. एकाच आईबापांच्या पोटी एक मुलगी जादूगार आणि दुसरी सामान्य, हे घडते कसे? या प्रश्नावर खरोखरीच्या वैज्ञानिकांनीही थोडी गंमत केली आहे. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातील लेखकांचे एक पत्र छापून आले. मुलांना आनुवंशिकता शिकवण्यासाठी या मालिकेचा उपयोग करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. जादू हा एका अप्रभावी जनुकाचा परिणाम मानावा, अशी त्यांची मांडणी होती. अप्रभावी म्हणजे असा जनुक, ज्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून, अशा दोन्ही मिळाल्या तरच गुण दिसतो; एकच मिळाली तर तो झाकलेला राहतो.

हे गृहीत धरून नायकाच्या आजोळचे गणित मांडता येते. आजीआजोबा दोघेही सामान्य, पण प्रत्येकाकडे एक झाकलेली प्रत आहे असे समजा. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. मग दोन मुलींपैकी नेमकी एक जादूगार निघण्याची शक्यता सोळात सहा येते, म्हणजे नायकाची जादूगार आई लिली आणि सामान्य मावशी पेट्युनिया या बहिणींची जोडी मुळीच विलक्षण नाही. दोघीही जादूगार निघण्याची शक्यता मात्र सोळात एकच. म्हणून दूधवाल्या बापाची कॉलिन आणि डेनिस ही दोन्ही मुले जादूच्या शाळेत येतात, ते जरा नशिबाचेच म्हणायचे. वीझली आईबापांकडे दोन-दोन प्रती असल्याने त्यांची सातही मुले जादूगार निघणे क्रमप्राप्त ठरते. पण याच न्यायाने दोन जादूगारांच्या पोटी सामान्य मूल जन्मता कामा नये, आणि मालिकेत तसे जन्मलेले लोक आहेत. शाळेचा चिडका पहारेकरी त्यांतलाच. तेथे हे गणित लंगडे पडते. थोड्याच दिवसांत त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी, इतक्या थोड्या पुराव्यावर एका जनुकाचा निष्कर्ष काढणे घाईचे आहे, अशा आशयाचा आक्षेपही घेतला.

गणित मनोरंजक असले, तरी कथेचे वजन दुसरीकडे आहे. बहिणीला पत्र आले आणि आपल्याला नाही, हे पाहून पेट्युनियाने लहानपणी मुख्याध्यापकांना पत्र लिहून प्रवेश मागितलेला असतो, आणि त्यांनी सौम्य शब्दांत नकार कळवलेला असतो. ही गोष्ट शेवटच्या पुस्तकात उघड होते. तोपर्यंत वाचकाने तिला नायकाला जिन्याखालच्या कपाटात झोपवणारी दुष्ट मावशी म्हणूनच ओळखलेले असते. तिचे वागणे त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण जादूचा ती जो तिटकारा करते, तो अज्ञानातून आलेला नसून नकारातून आलेला आहे, हे कळल्यावर पहिल्या पुस्तकातील तिची कितीतरी वाक्ये वेगळी वाचली जातात.

ज्ञान वाटणाऱ्या संस्थेत रक्ताचे नाते कसे लुडबुडते, हे मराठी वाचकाला महाभारतामुळे परिचयाचे आहे. आदिपर्वात द्रोणाचार्य राजपुत्रांना पाणी भरायला अरुंद तोंडाची भांडी देतात आणि स्वतःच्या मुलाला, अश्वत्थाम्याला, रुंद तोंडाचे. त्याचे भांडे लवकर भरते, तो आधी परततो, आणि इतर येईपर्यंत बाप त्याला जास्तीचे काही शिकवतो. अर्जुनाच्या हे लक्षात येते, तेव्हा तो वारुणास्त्राने आपले भांडे भरू लागतो आणि अश्वत्थाम्याबरोबरच परत येतो. मंत्राने अस्त्रे चालवायला शिकवणारी शाळा, तीत एकाच कुळातील भाऊ आणि चुलतभाऊ, आणि गुरूचा पक्षपात. इंग्रजी कादंबऱ्यांनी जे घटक एकोणिसाव्या शतकातील निवासी शाळेतून उचलले, त्यांतले बरेचसे येथे आधीपासून आहेत. फरक असा की, तेथे शाळेतील तुलनेचा हिशेब शाळेत संपत नाही. तो कुरुक्षेत्रावर जाऊन पुरा होतो.

वर ज्या फीचा उल्लेख केला, ती अलीकडच्या कादंबऱ्यांत दहाव्या अनोळखी विद्यार्थ्याकडून वसूल होत नाही. ती भावंडाकडून वसूल होते. रोलिंग यांच्या मुख्याध्यापकांचे तारुण्य याचे ठळक उदाहरण आहे. ॲल्बस हा शाळेचा सर्वांत तेजस्वी विद्यार्थी. त्याची धाकटी बहीण एरियाना सहा वर्षांची असताना काही मुलांनी तिला जादू करताना पाहिले आणि तिच्यावर हल्ला केला; त्या धक्क्याने तिची जादू आतल्या आत कोंडली आणि अधूनमधून स्फोटासारखी बाहेर पडू लागली. ती कधीच शाळेत गेली नाही. आई वारल्यावर घराची जबाबदारी ॲल्बसवर आली, तेव्हा मधला भाऊ ॲबरफोर्थ शाळा सोडून बहिणीला सांभाळायला तयार होता. ॲल्बसने त्याला शिक्षण पुरे करायला लावले आणि स्वतः मात्र एका हुशार मित्राबरोबर जगावर राज्य करण्याच्या बेतांत रमला. त्यातून दोघे भाऊ आणि तो मित्र यांची झटापट झाली आणि एरियाना मेली. कोणाच्या मंत्राने, हे कोणालाच कळले नाही. बहिणीच्या अंत्यविधीच्या वेळी ॲबरफोर्थने भावाचे नाक फोडले. सहा पुस्तके ज्या वाकड्या नाकाचे वर्णन वाचकाने केवळ विक्षिप्तपणाची खूण म्हणून वाचले, ते सातव्यात असे उलगडते.

प्रौढ वाचकांसाठी लिहिणाऱ्यांनी ही वाट पुढे नेली. लेव्ह ग्रॉसमन यांच्या 2009 च्या कादंबरीतील ॲलिस ही मुलगी जादूच्या महाविद्यालयात निमंत्रण नसताना येऊन धडकते, कारण तिचा थोरला भाऊ तेथेच शिकत असताना एका मंत्राच्या आगीत स्वतःच भस्म होऊन माणूस राहिलेला नाही, आणि त्याचे नेमके काय झाले हे तिला जाणून घ्यायचे आहे. ती वर्गातील सर्वांत कुशल विद्यार्थिनी ठरते आणि शेवटी स्वतःही त्याच आगीत जाते. सारा गेली यांनी 2019 मध्ये जुळ्या बहिणींची कथा लिहिली. टॅबिथाला जादू येते आणि ती जादूच्या शाळेत शिकवते. आयव्हीला जादू येत नाही आणि ती खासगी गुप्तहेर म्हणून पोट भरते. शाळेत एक मृत्यू होतो आणि त्याच्या तपासासाठी आयव्हीला, जिथे आपल्याला कधीच प्रवेश मिळाला नसता अशा इमारतीत, पगारी पाहुणी म्हणून जावे लागते. तेथे ती जादू न येणारी आहे हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ती ते सांगतही नाही. बहिणीसारखाच चेहरा असल्यामुळे लोक तिला बहिणीसारखीच समजतात, आणि तपास चालू असेपर्यंत तीही तो समज हवाहवासा वाटून जपत राहते.